खिशातला हात

बोरीत, आमच्या वाड्यावर, मोठ्या पोरांचा नरकासुर वीस फुटी.
मुखवटा फोंड्याहून विकत आणलेला, डोळ्यांत लाल दिवे,
आणि मांडवात सात वर्षांखालच्यांना मज्जाव.
तेव्हा माझी स्वेजल, शेजारचा एल्रॉय
आणि कुशालीबायची दोन नातवंडं
माझ्या शेडमागं जमली.

मी आधी सुतार, बाप नंतर.
देवळात गेलो तरी पहिल्यांदा खांबाचा काटकोन बघतो,
मग देव.

पहिल्या दिवशी माझी जुनी पँट गेली.
मग गवत आलं. गाय नसलेल्या घरात गवत कुठून येतं,
विचारू नये.
सोडणं आली, चार महिन्यांची रद्दी गेली,
आणि गोंद. गोंद माझा. महागाचा.
मी काही बोललो नाही.
म्हणजे, एकदा बोललो.

एक पाय दुसऱ्यापेक्षा वीतभर आखूड होता.
म्हटलं थांबा, फळी देतो, सरळ करून देतो.
कानावरची पेन्सिल बोटांत, खिशातला टेप बाहेर,
आणि स्वेजल वर न बघता म्हणाली,
"हात लावूं नाका."
तव्यावर पोळे असताना तिची आई म्हणते, तसं.
एल्रॉयनं जरा समजुतीनं सांगितलं,
"तो चढणीवर उभा आहे, अंकल."
बघितलं तर खरंच चढण होती.

टेप परत खिशात गेला. टेपबरोबर हातही.
तेव्हापासून मी तसाच उभा राहायला शिकतोय.
रंधा मारणं याहून सोपं.
संध्याकाळी गावडे मास्तर आले,
म्हणाले, राक्षसाला सुळे नकोत का? मोबाईलवर चित्र दाखवतो.
मी त्यांना चहा दिला,
दोन्ही हातांनी धरावा लागेल एवढा गरम.

डोळे कारिटांचे. एक मोठं, एक बारीक.
बारीक डोळा लांबचं बघतो म्हणे.
पहाटे अंगठ्याखाली फोडायला
घरात एकही कारीट उरलं नव्हतं,
हे तिच्या आईला अजून कळायचं होतं.

आदल्या रात्री मोजलं तर हात एकच.
जीभ दातांखाली धरली. सुटली.
"दुसरा?"
"खिशात."
म्हणजे विसरली, मी मनात म्हटलं.

पोरं जेवायला गेल्यावर बॅटरी घेऊन गेलो,
माझ्याच पँटीच्या उजव्या खिशात दोन बोटं घातली
आणि दचकलो.
आत हात होता.
पाच भेंड्या, सुतळीनं मनगटाशी बांधलेल्या,
अंगठ्याची जराशी आडवी,
आणि करंगळीत चॉकलेटच्या चांदीची अंगठी.

कुणी बघणार नव्हतं.
पहाटे पाचला तो जळणारच होता.
आमचे बाबा सांगायचे, कपाटाची पाठ भिंतीला लागते,
तिच्यावर घाम घालवू नये.
तीस वर्षं मी नाही घालवला.

मोठ्यांचा गेला फटाक्यांत, स्पीकरच्या धडधडीत.
धाकट्यांचा शेडमागं, दोन काड्यांत.
मलाच वाटत होतं, ठेवावा आणखी एक दिवस.
म्हटलं, फोटो तरी काढू?
"जाळायचाच असतो, पप्पा," स्वेजल म्हणाली,
आणि मी काडी ओढेपर्यंत
चौघंही माझ्याकडं बघत राहिली,
मी उगाच उशीर करतोय अशी.
मधेच भाजक्या भेंडीचा वास आला.
एल्रॉयनं तेवढं माझ्याकडं पाहिलं,
मग पटकन जाळाकडं.

फोव खाताना तिनं विचारलं,
तुझ्या जुन्या पँटी अजून किती आहेत?

आज शिरोड्याच्या गिऱ्हाइकाचं कपाट न्यायचं आहे.
दर्शनी बाजू झाली. टेंपो चारला येतो.
मी ते उलटं करून ठेवलंय
आणि अंगठा फिरवतोय
पाठीवरून.